निजामाचे चालान

भोपाळच्या परिसरात वेगावरून पहिला मोठा दंड ठरला तो ७ जानेवारी १७३८ रोजी, दोराहा सरायमध्ये. दंड ठोठावणारा बाजीराव, दंड होणारा निजाम आणि गुन्हा हळू चालल्याचा! आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये दिल्लीच्या वेशीवर धडकून परत आलेल्या पेशव्याला आवरण्यासाठी बादशहाने निजामाला बोलावले. निजाम आला तो जड तोफखान्याचे लटांबर घेऊन. डिसेंबरात तो भोपाळच्या आडोशाला गेला आणि मराठी घोड्यांनी त्याला तिथेच कोंडून रसद तोडली. तहात माळवा गेला, नर्मदा ते चंबळ मुलूख गेला आणि खर्चापोटी ५० लाख रुपये ठरले. गंमत त्या पन्नास लाखांत आहे. ते निजामाने स्वतःच्या खिशातून द्यायचे नव्हते. बादशहाकडून मिळवून देण्याची शिकस्त करीन, एवढेच त्याने कबूल केले. म्हणजे गाडी निजाम चालवत होता, चालान निघाले मालकाच्या नावाने.

पावणेतीनशे वर्षे उलटून गेली, तरी पद्धत तीच आहे. भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या एका निवृत्त काकांच्या मोबाईलवर एके दिवशी सकाळी चालान आले. काका तेव्हा पोह्यांवर शेव पेरत होते. फोटोत स्कूटर त्यांची, नंबर त्यांचा, पाठमोरी आकृती मात्र भाच्याची. काका स्वतः ज्या वेगाने स्कूटर चालवतात त्या वेगाला कायद्यात कलमच नाही; मागून येणारे हॉर्नच काय ते त्याची दखल घेतात. काकू एवढेच म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही एवढ्या जोरात जाऊ शकता हे आधी का नाही सांगितलंत?’’

खरे तर भोपाळी माणसाला घाई शोभत नाही. जुन्या शहरात दुकानांपुढच्या दगडी पटियांवर अर्धी अर्धी रात्र गप्पा झोडणे ही इथली मान्यताप्राप्त कला, ‘पटियेबाजी’ हे तिचे शास्त्रीय नाव. ‘को खां’ अशी एक हाक आली की तासाभराची निश्चिंती. तोच माणूस गाडीवर बसला की रोशनपुऱ्याच्या सिग्नलचे शेवटचे पाच आकडे त्याला सोसवत नाहीत. पाच किलोमीटरचा रस्ता चाळिसाऐवजी साठच्या वेगाने कापला तर अडीच मिनिटे वाचतात. ती अडीच मिनिटे पुढे पोहे-जलेबीच्या गाडीपाशी रीतसर जमा केली जातात.

आता कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम १८३. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार, पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्त. ही वाढ १ सप्टेंबर २०१९पासूनची. याच कलमात एक जुनी, शहाणी तरतूद आहे: ‘गाडी जोरात होती’ असे एकट्या साक्षीदाराला वाटले म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार हवा. म्हणूनच इंटरसेप्टर गाडीतली स्पीडगन आणि चौराह्यावरचा कॅमेरा यांना हवालदाराच्या डोळ्यापेक्षा मान जास्त.

नवे दंड आले तेव्हा मोठी पंचाईत झाली. सगळ्यांना रस्ते सुरक्षित हवे होते, मतदारही सुरक्षित हवे होते. मध्य प्रदेशात कमलनाथ सरकारने ‘आधी अभ्यास करू’ म्हणत अंमलबजावणी थांबवली. महाराष्ट्रात परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंड कमी करा म्हणून केंद्राला पत्र धाडले. गुजरातने सरळ दर उतरवले, सणासुदीच्या सेलसारखे. या विषयावर पक्षभेद पूर्णपणे गळून पडले होते, हे लोकशाहीच्या दृष्टीने नोंदवून ठेवण्यासारखे. ज्यांनी कायदा आणला त्या नितीन गडकरींनी तेव्हाच सांगून टाकले की वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वेगाबद्दल त्यांच्या नावावरच्या गाडीलाही दंड झाला होता. त्यांच्यावर कॅमेऱ्याने सूड उगवला असे म्हणता येत नाही. कॅमेरा नागपूरकर, भोपाळकर असा भेद करत नाही.

मर्यादा किती, हा प्रश्न मात्र निराळा. केंद्राच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेत शहरी हद्दीत मोटारीला ताशी ७० आणि मोटारसायकलला ६० किलोमीटरची कमाल मुभा होती. त्याहून कमी ठेवायची तर राज्याने ठेवावी आणि पाटी लावावी. सत्तर! इतवाऱ्याच्या गल्लीत सत्तरने जायचे तर आधी दोन हातगाड्या, एक बकरी आणि एक बिर्याणीचे पातेले हलवावे लागेल. उलट व्हीआयपी रोड पाहा. एका बाजूला मोठा तलाव, समोर पाण्यात उभा राजा भोज आणि पुढ्यात पट्टीने आखल्यासारखा रुंद रस्ता. असा रस्ता बांधायचा आणि तिथे कमी वेगाची पाटी रोवायची, म्हणजे पानात श्रीखंड वाढून शेजारी मधुमेहाचे पत्रक ठेवण्यासारखे. पाय पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो.

मग वळणाचा पूल आला.

ऐशबागचा रेल्वे ओव्हरब्रिज, लांबी ६४८ मीटर, रुंदी साडेआठ मीटर, खर्च सुमारे १८ कोटी. जून २०२५मध्ये त्याचे फोटो देशभर फिरले, कारण पूल मध्येच काटकोनात वळत होता. जागा अपुरी होती, शेजारी मेट्रोचे स्टेशन होते, असे कारण पुढे आले. मग पाहणी झाली आणि तोडगा सुचला तो असा की या पुलावर गाड्या ताशी ३५-४०च्या आतच चालवाव्यात. वेगमर्यादा ही वाहनचालकाच्या बेपर्वाईवर औषध असते असा लोकांचा समज होता. ती अभियंत्याच्या आराखड्यावरही लावता येते, हा शोध भोपाळचा. वळण चुकले? पाटी लावा. रस्ता खचला? ‘सावकाश जा’ लिहा. या हिशेबाने तळ्यात रस्ता बांधून ‘पोहता येत असेल तरच पुढे जा’ असा फलक लावायलाही हरकत नाही.

मुख्यमंत्री मोहन यादव यांनी २८ जूनला सात अभियंते निलंबित केले आणि ठेकेदार व सल्लागार काळ्या यादीत गेले. ठेकेदार उच्च न्यायालयात पोचला. तिथे मॅनिट या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञाचा अहवाल आला की वळण ९० अंशांचे नाहीच, ११८-११९ अंशांचे आहे. देशभर ज्याची टिंगल झाली तो काटकोन कायद्याच्या दृष्टीने विशालकोन निघाला. भोपाळात वेग मोजायला स्पीडगन पुरते, कोन मोजायला उच्च न्यायालय लागते. आठवीतल्या पोराची कंपासपेटी मागवली असती तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

या थट्टेत एक गोष्ट निसटू नये. कमी मर्यादा ही मूर्खपणाची गोष्ट नाही. ताशी ६० वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. कुणाचा फोन आला हे पाहायला दोन सेकंद नजर खाली गेली तर ३३ मीटर रस्ता आंधळेपणाने मागे पडतो, आणि तेवढ्यात शाळेचे फाटकही येऊन जाते. २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालानुसार त्यांतली ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या अपघातांत. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूखालोखाल दुसरा होता आणि राज्यातले मृत्यू होते १३,४२७, दिवसाला सरासरी जवळजवळ सदतीस. फिनलंडमधल्या हेलसिंकीने निम्म्याहून जास्त रस्त्यांवर तीसची मर्यादा घातली, रस्ते अरुंद केले, कॅमेरे लावले. २०२५च्या जुलैत मागे वळून पाहिले तर वर्षभरात शहरात रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नव्हता. त्याच फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो. नोकियाचे एक संचालक पन्नासच्या टापूत पंचाहत्तरने मोटारसायकल हाकताना सापडले, २००२मध्ये दंड झाला १,१६,००० युरो. ही पद्धत इथे आणली तर व्हीआयपी रोडवर व्हीआयपी राहणार नाहीत.

आणि इंग्लंडात १८९६ साली पहिले वेगाचे चालान झाले तेव्हा मर्यादा होती ताशी दोन मैल. गुन्हेगार आठ मैलांनी पळत होता, हवालदाराने सायकलवरून त्याचा पाठलाग केला. दंड एक शिलिंग.

हेलसिंकीने रस्ते अरुंद केले; भोपाळात मात्र रस्त्याला हात लावायची पाळी आली की कुदळ बससाठीच्या जागेवर पडते. २०१३मध्ये बससाठी २४ किलोमीटरची राखीव मार्गिका झाली, जानेवारी २०२४पासून ती उखडायला घेतली. मोकळी झालेली रुंदी गाड्यांच्या वाट्याला आली. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला दुभाजक आला. तो त्याने ओलांडायचा, तेही धावत. त्याच्या वेगावर अजून मर्यादा नाही. आणि कॅमेऱ्याला न दिसणारेही पुष्कळ असते. मे २०२५मध्ये बाणगंगा चौराह्यावर सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर ब्रेक नसलेली एक शाळेची बस येऊन आदळली, एक तरुण डॉक्टर गेली. बसच्या फिटनेसची मुदत कधीच संपलेली होती. सिग्नलला थांबलेल्यांपैकी कुणीही वेगमर्यादा मोडली नव्हती.

काकांनी भाच्याला दंड भरायला लावला. केंद्राच्या ऑगस्ट २०२१च्या नियमांत चालानाची नोटीस पंधरा दिवसांत पोचली पाहिजे आणि कॅमेरा आहे तिथे तशी सूचना लावलेली असली पाहिजे असे आहे, हेही त्यांनी वाचून काढले. मग त्यांनी संबंधित कार्यालयात एक अर्ज दिला: कॉलनीतल्या शाळेसमोर तीसची पाटी लावा, रस्ता तिथे थोडा उंच आणि अरुंद करा, म्हणजे पाटी न वाचणाऱ्याचाही पाय आपोआप ब्रेकवर जाईल. चालान चार तासांत आले होते. अर्जाला आज चार महिने झाले.