पंतांचा सूर्य

(टेबलावर काचेची मोठी पेटी. वर टांगलेला दिवा. पेटीत काय आहे ते प्रेक्षकांना दिसत नाही. चाळिशीतली बाई येते, खांद्यावर टॉवेल.)

अहो लाइटवाले, बाकीचे मालवा, पण हा राहू दे! हा दिवा नाही, सूर्य आहे आमचा. सकाळी सातला उगवतो, संध्याकाळी सातला मावळतो. आणि वर्षाच्या आत बदलावा लागतो. का? तर उजेड पडत राहतो, पण त्यातले अतिनील किरण कधीच संपलेले असतात. आमच्या असोसिएशनच्या प्रेसिडेंटसारखं. खुर्चीत दिसतात, काम बंद.

(पेटीत वाकून) पंत, मंडळी आलीत. नाही नाही, बसा. उठू नका.

(प्रेक्षकांना) उठता येत नाही त्यांना.

झालं! तोंडं पडली सगळ्यांची. तरी बरं, तुम्ही 'अय्यो' नाही म्हणालात. आमच्या मजल्यावर रोज चार बायका येऊन 'अय्यो' करून जातात. पंत प्रत्येकीच्या बोटाकडे बघतात. खायचं आहे का, एवढाच त्यांचा विचार असतो.

शहाजीराजांना बंगळूर जहागिरीत मिळालं. आम्हाला व्हाइटफील्डला दोन बेडरूम मिळाल्या, वीस वर्षांच्या हप्त्यावर. वरच्या मजल्यावरचं कुटुंब अमेरिकेला निघालं, तेव्हा जाताना आम्हाला दोन गोष्टी देऊन गेलं. एक मिक्सर आणि एक पंत. मिक्सर लगेच चालला. पंत चालेनात.

आणि पंत मूळचे कुठले? मिसिसिपीच्या खोऱ्यातले! लाल कानाचं कासव. म्हणजे मराठी माणसं गेली अमेरिकेला, आणि अमेरिकन राहिला व्हाइटफील्डला.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, मागचे पाय ओढून पाहिले. म्हणाले, "ठेवलं कुठे होतं?" म्हटलं, हॉलमध्ये, खिडकीशी, भरपूर ऊन येतं. तर म्हणे, "काचेतून ऊन येतं हो, कामाचे किरण काचेतच अडतात. ते नाहीत तर ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडं मऊ, पाठ वाकडी, पाय अधू." आणि खायला काय, तर नुसते सुके झिंगे. "आता पाठ सरळ होणार नाही. पण इथून पुढे बिघडू द्यायचं नाही, एवढं तुमच्या हातात आहे."

मी मान डोलावली आणि शेजारी पाहिलं. आमचे हे. दिवसभर काचेच्या इमारतीत, संध्याकाळी काचेच्या कॅबमध्ये, डबा अर्धा परत. पाठ बघितली ह्यांची... दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला पाठवलं. आता आमच्या फ्रिजवर कॅल्शियमची दोन वेळापत्रकं आहेत. औषध वेळेवर एकच जण घेतो, आणि तो पाण्यात राहतो.

पुण्याचे पाहुणे येतात, म्हणतात, "काय हवा आहे हो बंगळूरची!" पंतांना विचारा. त्यांना स्वतःची ऊब स्वतः तयार करता येत नाही. दिव्याखाली बत्तीसेक अंश लागतात. घरात आम्ही तिघं स्वेटर घालून, आणि पंत उकाड्यात, डोळे मिटून, मान लांब करून. करंट गेला की आधी इन्व्हर्टर त्यांचा. मग माझा कुकर.

पाणी किती, त्यालाही हिशोब. कासव असलं तरी श्वास हवेतच घेतं. मागचे पाय रेटत नाहीत, म्हणून पाणी उथळ. मान वर केली की नाक बाहेर आलं पाहिजे. चढायला उतार हवा. ह्यांनी लॅपटॉपवर तीन दिवस डिझाइन केलं. मी ओट्याचा उरलेला कडप्पा उचलला, खरखरीत बाजू वर करून तिरका लावला. पंत पुढच्या नखांनी चढले. थांबले. घसरले. परत चढले. तोवर हे आकृतीत रंग भरत होते.

लेकीने व्हिडिओ दाखवला. वेल्समधली मिसेस टी नावाची कासवीण, तेव्हा वय नव्वद. उंदरांनी पुढचे पाय कुरतडले, तर घरच्यांनी खेळण्यातल्या विमानाची चाकं चिकटवली. सुसाट! "आई, पंतांना पण चाकं!" अगं, ती जमिनीवरची. हे पोहणारे. चाकं लावून काय पाण्यात पंक्चर काढायचं?

(फोन वाजतो.)

हॅलो, आई! मिरजेला पाऊस आहे का?... हो, समुद्रफेन मिळालं. काष्ठौषधीवाल्याला सांगा, पुढच्या महिन्यालाही पाठव. कुरतडून खातात ते, कॅल्शियम असतं... नाही हो, तळ्यात नाही सोडायचं! पुण्य कसलं? आपल्या कासवांच्या तोंडचा घास पळवतात हे... तारा कासव? पाठीवर चांदण्या असतात ते? आई, ते घरात ठेवलं तर वनखातं चहाला येतं. १९७२चा कायदा आहे... नमस्कार? करा की. देवळात करतो तसा करा. फक्त नंतर साबणाने हात धुवा, सालमोनेला असतो... देवाचा अपमान कसला, जंतू आहे तो!

किती जगणार? तीसेक वर्षं, नीट सांभाळलं तर... हो, मलाही तेच वाटलं. आम्ही तेव्हा सत्तरीत. मग लेकीकडेच जाणार. तिच्या बायोडेटात आत्ताच लिहून ठेवलंय मी. मुलगी निर्व्यसनी, कन्नड-मराठी येते, सोबत एक वडीलधारं माणूस. बारा तास दिवा लावायची तयारी असणाऱ्यांनीच कळवावे.

(ऐकत) काय म्हणालात?

(फोनवर हात ठेवून, प्रेक्षकांना) विचारताहेत, पंतांची जन्मवेळ माहीत आहे का.

(अंधार. फक्त पेटीवरचा दिवा चालू.)

(अंधारातून) अहो लाइटवाले, सात वाजले! तो पण मालवा!