डोक्यातला प्रवक्ता

अमेरिकेतल्या एका गृहस्थांचा उजवा हात पँट वर ओढायचा आणि त्याच वेळी डावा हात ती खाली ओढायचा. गृहस्थ प्यायलेले नसत आणि वेडे तर मुळीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते, डोक्याला मार बसला होता आणि पुढे फेफऱ्याचे झटके मागे लागले. औषधांनी हात टेकले तेव्हा 1962 साली लॉस एंजेलिसमध्ये बोगन आणि व्होगेल या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा वीसेक कोटी तंतूंचा पट्टा, म्हणजे कॉर्पस कलोझम, कापून टाकला. झटके आटोक्यात आले. बोलणं-चालणं, थट्टामस्करी, सगळं पूर्वीसारखं. फक्त अधूनमधून हे पँटचं. एकदा तर डाव्या हाताने बायकोला धरून गदागदा हलवलं आणि उजवा हात तिच्या बचावाला धावला! उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं आपल्याकडे दानाच्या बाबतीत सांगतात. त्या घरात ते तंतोतंत साधलं होतं, दान तेवढं बाकी होतं.

खरं सांगायचं तर मला या गृहस्थांचा थोडा हेवा वाटतो. त्यांचं भांडण दिसत तरी होतं. माझे दोन्ही हात एकमेकांशी कधी वाकड्यात शिरत नाहीत. रात्री साडेअकराला एक हात फ्रिजचं दार धरतो, दुसरा श्रीखंडाचा डबा काढतो, आणि दिवा लागू नये म्हणून तिसरं बोट कुठल्या बटणावर ठेवायचं तेही दोघांना ठाऊक असतं. इतका समन्वय मी सरकारच्या दोन खात्यांत पाहिलेला नाही. आणि आत मात्र कुणीतरी ओरडत असतं, "अरे, साखरेचा रिपोर्ट आठव!" हा ओरडणारा कोण आणि डबा उघडणारा कोण?

हल्ली या प्रश्नाचं उत्तर कोपऱ्याकोपऱ्यावर विकत मिळतं. डावा मेंदू हिशेबनीस, उजवा मेंदू कवी. माणूस म्हणजे या दोघांनी भाड्याने घेतलेला ब्लॉक. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन मेंदूची बाजू सांगणारी मंडळी आली होती. माझ्या भाच्याचा मुलगा 'उजव्या मेंदूचा' निघाला. गुळगुळीत कागदावर रंगीत अहवाल आला आणि पोराने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की गणित आपल्या डोक्याच्या हद्दीतच येत नाही. भाचा खूश, कारण पोरगा कलावंत निघाला. आमची ही तेवढी म्हणाली, "अहो, ठसे पोलीसही घेतात, पण ते फी घेत नाहीत."

हिचं बोलणं शास्त्राला धरून होतं. काही कामं एका बाजूला जास्त चालतात, हे खरंच आहे. बहुतेकांची भाषा डाव्या गोलार्धात असते. पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी 1861 मध्ये एका रुग्णाच्या मेंदूवरून याचा माग काढायला सुरुवात केली. पण म्हणून अख्खा माणूस डावा किंवा उजवा होत नाही. 2013 मध्ये यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त मेंदूंची छायाचित्रं तपासली आणि त्यांना असा एकपाखी मेंदू सापडला नाही. हिशेबनिसाला नि कवीला कविता करायची तरी एकत्र बसावं लागतं आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं तरी. (रिटर्नमध्ये कवीचा वाटा किती, ते माझ्या सीएला ठाऊक.)

शिवाय तारा उलट्या जोडलेल्या. डावा गोलार्ध उजवा हात चालवतो आणि उजवा गोलार्ध डावा. आमच्या घरात तीर्थप्रसादासाठी कायम उजवाच हात पुढे करायचा. डावा गेला की आजीचा फटका. म्हणजे माझं आजवरचं सगळं पुण्य डाव्या गोलार्धाच्या खात्यावर जमा आहे. उजव्याच्या वाट्याला कोणतं नित्यकर्म आलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. समर्थ रामदासांना एका मनाची समजूत काढायला 205 श्लोक लागले. दोन गोलार्धांची भानगड त्यांच्या कानावर गेली नाही हे पाठांतर करणाऱ्या पोरांचं नशीब, नाहीतर 410 झाले असते.

पण मला ज्या प्रयोगाने झोपू दिलं नाही तो वेगळाच. रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञांना पट्टा कापलेल्या मेंदूंवरच्या संशोधनासाठी 1981 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा आणि गॅझॅनिगांचे विद्यार्थी जोसेफ लेडू यांनी 1970 च्या दशकात व्हरमाँटमधल्या एका तरुणाला तपासलं. त्याच्याही मेंदूचा तो पट्टा कापलेला होता. त्याच्या डाव्या गोलार्धाला दिसेल असं कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं आणि उजव्याला दिसेल असं बर्फाचं. मग समोर बरीच चित्रं मांडून म्हणाले, जुळणारं निवड. उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने फावडं. दोन्ही बरोबर; बर्फ उपसायला फावडं लागतंच. आता विचारलं, फावडं का? तोंड चालवतो डावा गोलार्ध, आणि त्याने बर्फ पाहिलेलंच नाही. सरळ 'ठाऊक नाही' म्हणावं की नाही? छे! तरुण क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, कोंबडीच्या पायाला कोंबडी जुळते, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. डोक्यात बसून उत्तरं देणाऱ्या या माणसाला मी ओळखतो. गॅझॅनिगा त्याला 'अर्थ लावणारा' म्हणतात. मी प्रवक्ता म्हणतो. रोज संध्याकाळी वाहिन्यांवर येतो तोच. पहाटे पक्षात काय शिजलं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, बैठकीला त्याला बोलावलेलंही नसतं; पण कॅमेरा लागला की हा निर्णय जनतेच्या हिताचा कसा, आणि आमची भूमिका पहिल्यापासून हीच कशी होती, हे तो अखंड सांगू शकतो. लबाड म्हणावं तर तसंही नाही. त्याचा स्वतःवर विश्वास असतो, हेच जास्त भयंकर आहे.

त्याच तरुणाला मोठेपणी कोण व्हायचंय असं विचारलं तेव्हा तोंडाने त्याने नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन व्हायचं सांगितलं. तोच प्रश्न उजव्या गोलार्धाला विचारला तर डाव्या हाताने अक्षरांचे ठोकळे मांडून उत्तर दिलं, मोटारींच्या शर्यती! मी बँकेत हयात काढली. माझ्या डाव्या हातात कुणी कधी ठोकळे दिले नाहीत, हे बँकेच्या दृष्टीने बरंच झालं.

माझा पट्टा शाबूत आहे, वीस कोटी तंतू असावेत तिथे आहेत. तरी गेल्या दिवाळीत मी कुकरची रिंग आणायला लक्ष्मी रोडवर गेलो आणि बाजाची पेटी घेऊन आलो. रिक्षातून उतरायच्या आत प्रवक्त्याचं निवेदन तयार होतं. संगीताने रक्तदाब उतरतो. भाता मारल्याने खांद्याला व्यायाम होतो. नातवंडांवर संस्कार होतील. (नातवंडं सिंगापूरला असतात.) शिवाय जुनी पेटी स्वस्तात मिळाली, म्हणजे एक प्रकारे पैसे वाचले. रिंगचं काय, असं विचारल्यावर प्रवक्ता म्हणाला की जुन्या रिंगवर वरण जास्त मऊ शिजतं.

ही पूर्वी प्रत्येक वेळी "का आणलंत?" असं विचारायची. तो प्रश्न म्हणजे प्रवक्त्याच्या तोंडापुढे माईक धरणं. आता ती शहाणी झाली आहे. पेटीकडे बघून तिने शांतपणे एवढंच विचारलं, "कुठे ठेवणार?"

या प्रश्नावर आमच्या पक्षाची भूमिका अजून ठरायची आहे. पेटी सध्या सोफ्यावर आहे आणि पाहुणे खुर्चीवर बसतात.