नस्तीची पंचक्रोशी
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या करारमान्यतेतील दूरदृष्टीची म्हणावी तशी दखल अद्याप घेतली गेलेली नाही. २०१६च्या विद्यापीठ अधिनियमानुसार करारावर कुलसचिव स्वाक्षरी करतात. तथापि तत्पूर्वी नस्ती, म्हणजे टिपणांसह बांधलेली धारिका, विभाग, विधी कक्ष, वित्त व लेखा अधिकारी, व्यवस्थापन परिषद अशी परिक्रमा करते आणि एखाद्या स्वल्पविरामाविषयी शंका निघाल्यास पुन्हा पहिल्या मुक्कामी येते. घाईतून उद्भवणारे गैरव्यवहार यामुळे टळतात. व्यवहारच टळल्यास लेखापरीक्षणही निर्दोष ठरेल. मुद्रांक, म्हणजे करारासाठी शुल्क भरून घेतलेला शिक्क्याचा कागद, राज्याच्या कायद्यानुसार खरेदीपासून सहा महिन्यांतच वापरावा लागतो, ही मात्र शासनाची अनाठायी घाई होय. त्या मुदतीनंतर नस्ती नव्या मुद्रांकाच्या खरेदीस मान्यता मिळवण्यासाठी विभागातून पुन्हा निघते.