आमची अंतर्गत बाब

डेरीत १९६८ साली नगरपालिकेला मत द्यायचं तर आधी घर हवं. घर मिळवायचं तर नगरपालिकेत आपला माणूस हवा. माणूस निवडून आणायचा तर मत हवं. उत्तर आयर्लंडच्या कॅथलिकांना या रिंगणात फिरवत ठेवण्याचं काम तिथल्या प्रॉटेस्टंट युनियनिस्ट राजवटीने जवळजवळ अर्धशतक इमानेइतबारे केलं. स्थानिक मत फक्त घर नावावर असणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला. पोटभाडेकरू बाद, आईबापांकडे राहणारा तिशीतला मुलगाही बाद. कंपन्यांना मात्र मालमत्तेच्या मानाने सहापर्यंत जादा मतं. शहरात कॅथलिक बहुसंख्य, तरी वॉर्डांच्या रेघा अशा बेताने मारलेल्या की २० पैकी १२ जागा युनियनिस्टांच्या. (वॉर्डरचनेचं शास्त्र आपल्याच पुढाऱ्यांनी शोधलं असा कुणाला गर्व असेल, तर त्याने तो इथे उतरवून ठेवावा.)

लंडनला हे सगळं माहीत होतं. पण उत्तर आयर्लंडच्या कारभारात येणाऱ्या गोष्टींवर वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेत चर्चा करायची नाही, असा १९२० च्या दशकापासून संकेत. तिथल्या खासदाराने प्रश्न विचारला की सभापती म्हणणार, हा विषय तुमच्या बेलफास्टचा. बेलफास्टची अंतर्गत बाब.

मग तिथल्या पोरांनी दूरचित्रवाणी पाहिली. अमेरिकेत काळे लोक रस्त्यावर बसतात, पोलीस त्यांच्यावर कुत्रे सोडतात आणि सगळं जग ते घरात बसून बघतं. चाळीस वर्षं निवेदनं देऊन जे झालं नाही, ते कॅमेऱ्यासमोर होऊ शकतं, हे त्यांना कळलं. ऑगस्ट १९६८ मध्ये कोलआयलंडहून डंगॅननला मोर्चा निघाला. पोलिसांनी अडवल्यावर लोक रस्त्यावर बसले आणि अमेरिकेतल्या काळ्यांचंच गाणं म्हणू लागले. आपल्याकडे शाळेच्या प्रार्थनेला हिंदीतून म्हणतात ना, तेच. पुढे जानेवारी १९६९ मध्ये बेलफास्टहून डेरीपर्यंत विद्यार्थी चालत गेले, तेही अलाबामातल्या सेल्मा ते माँटगोमेरी या काळ्यांच्या मोर्चाचा कित्ता गिरवत. बर्नटोलेटच्या पुलाजवळ त्यांच्यावर दगड आणि दांडकी चालली. मारणाऱ्यांत सुट्टीवरचे राखीव पोलीसही होते. हाही कित्ता अलाबामाचाच म्हणायचा.

काम फत्ते झालं ते मात्र त्याआधी, ५ ऑक्टोबर १९६८ ला. उत्तर आयर्लंडचे गृहमंत्री विल्यम क्रेग यांनी डेरीतल्या मोर्चाचा मार्ग बंद केला. ड्यूक स्ट्रीटवर जमली ती काहीशे माणसं. पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडून लाठ्या चालवल्या. खासदार जेरी फिट यांचं डोकं फुटलं, रक्त सदऱ्यावर आलं आणि डब्लिनच्या वाहिनीचा कॅमेरा नेमका तिथे चालू होता. अलाबामाच्या गोऱ्यांना नाकं मुरडणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकाला त्याच्याच राज्यातला अलाबामा दिसला. मोर्चेकऱ्यांवर पुष्कळांनी टीका केली, की तुम्ही कुठे गुलाम होतात, हा उसना आव कशाला? टीका अगदीच खोटी नाही. पण उसनवारीने दार उघडत असेल तर उसनवारी करणाऱ्याला हसावं, असं मला वाटत नाही. खरी गंमत उसनं फेडायची वेळ आली तेव्हा झाली.

एप्रिल १९६९ मध्ये बर्नाडेट डेव्हलिन ही २१ वर्षांची विद्यार्थिनी खासदार झाली आणि ऑगस्टमध्ये निधी गोळा करायला अमेरिकेला गेली. आयरिश वंशाच्या अमेरिकनांनी डोक्यावर घेतलं. महापौर लिंडसे यांनी न्यूयॉर्क शहराची मानाची किल्ली दिली. आपल्या मायभूमीतल्या अन्यायाने या मंडळींचे डोळे पाणावले होते. पण पोरगी अवसानघातकी निघाली. ती म्हणू लागली की डेरीतला कॅथलिक आणि इथला काळा यांचं दुखणं एकच. झालं! पाहुणीने पाहुणीसारखं राहावं, यजमानाच्या घरातलं काय काढतेस? पुढच्या वर्षी डेव्हलिनच्या वतीने डेरीच्या एमन मकॅन यांनी ती किल्ली हार्लेममध्ये ब्लॅक पँथरांच्या हाती सोपवली. देणगीदारांना काय वाटलं असेल ते वाटो. १९७४ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने काळ्या मुलांना बसने गोऱ्यांच्या शाळांत पाठवायचा हुकूम दिला, तेव्हा त्या बसवर दगड पडले ते साउथ बॉस्टनमध्ये. वस्ती मुख्यतः आयरिश.

इकडे त्याच ऑगस्ट १९६९ मध्ये डेरी पेटली. आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री पॅट्रिक हिलरी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेले. ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांनी सभ्य भाषेत सांगितलं, की ही आमची अंतर्गत बाब. लंडनने बेलफास्टसाठी राखलेलं वाक्य आता लंडनच्या स्वतःच्या उपयोगी पडलं. विषय कार्यसूचीवर आलाच नाही.

या वाक्याचं आणि आपलं नातं जुनं. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित बोलायला उभ्या होत्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, ही आमची अंतर्गत बाब. आमसभेने ते मानलं नाही, ठराव दोन तृतीयांश मतांनी झाला आणि आपण टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं, की तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का? अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं मनात होतं. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तरही पाठवलं. त्या पत्रव्यवहाराला मात्र टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

२००१ मध्ये वंशविद्वेषाविरुद्धची जागतिक परिषद डर्बनला भरली. दलित संघटना तिथे पोचल्या आणि म्हणाल्या, जातीबद्दलही बोला. भारत सरकारचं म्हणणं पडलं, की जात म्हणजे वंश नव्हे आणि आमचं आम्ही आमच्या राज्यघटनेनुसार बघतो आहोत, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. पंचावन्न वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या तोंडून ऐकून घेतलेलं उत्तर आपण दक्षिण आफ्रिकेत जाऊन दिलं. यजमानांना ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं असणार.