पंखा हळू का फिरतो?
(तळेगाव ढमढेऱ्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

अभिनंदन. सणसवाडीला किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली, शिकरापुरातलं भाडं झेपेना, म्हणून तुम्ही हायवे सोडून आत वळलात आणि वेळ नदीकाठच्या आमच्या गावात दोन खोल्या घेतल्यात. एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की आतल्या खोलीतला पंखा पाचावर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो, न्हाणीघरातल्या नळाला पांढरी पुटं चढलीत आणि तूरडाळ सहा शिट्ट्या होऊनही पाण्याशी फटकून वागते. घाबरू नका. या सगळ्याची उत्तरं गावात आहेत, आणि ती फुकट आहेत.

तुम्ही नवखे, त्यामुळे सरळ इलेक्ट्रिशियनला फोन करावा असं तुम्हाला वाटेल. हा मोह आवरा. तो येईल, स्टुलावर चढेल, पंख्याच्या टोपीतला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून नवा बसवेल आणि चहासुद्धा न घेता जाईल. पंखा गरगर फिरेल. पण गावात तुम्हाला ओळखणारं कोण राहील? म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

१. आधी स्वतःची तयारी करा

पंख्याबद्दल विचारायला गेलात की पहिला प्रश्न तुम्हालाच येणार: ‘गाव कुठलं?’ मग तालुका, मग आडनाव, मग ‘आमच्या आत्याच्या जावेचे भाऊ तिकडचेच, ओळखता का?’ ओळखत नसलात तरी ‘नाव ऐकून आहे’ म्हणा. घर कुणाचं, भाडं किती, डिपॉझिट किती, हे आकडे जिभेवर असू द्या. भाडं ऐकल्यावर समोरचा हळहळेल. त्याला हळहळू द्या. तुम्ही फसलात याची खात्री झाल्याशिवाय कुणी मोकळेपणाने सल्ला देत नाही.

२. जागा निवडा

पिठाच्या गिरणीला तोड नाही. तिथे घरघर एवढी असते की ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे एकाला विचारलेलं सात जणांना कळतं. शिवाय ज्याचं दळण आत आहे त्याला जागचं हलता येत नाही. किराणा दुकान दुय्यम, कारण माणसं साखर घेऊन निघून जातात. चहाच्या टपरीवर विचाराल तर पंख्यापासून सुरू झालेली गोष्ट दोन कपांत घोडगंगा कारखान्यापर्यंत पोहोचते आणि तिथून परत येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र चुकूनही विचारू नका. तिथे वस्तूच मिळते.

३. उत्तर देणाऱ्यांची पारख करा

पहिले भेटतील ते व्होल्टेजवाले नाना. ‘संध्याकाळी व्होल्टेजच नसतं हो, पंखा काय फिरणार!’ हे उत्तर फार पक्क्या बांधणीचं आहे. थोडंसं खरं असल्यामुळे ते खोडता येत नाही. इथून नाना तुम्हाला डीपीकडे नेतील, डीपीवरून बोर्डाकडे. राज्याचं विद्युत मंडळ १९६० साली निघालं, २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या, बिलावर महावितरण आलं, पण शिव्या खायला बोर्डच आहे. ऐकत राहा, मान डोलवा. ‘मग त्याच व्होल्टेजवर बाहेरच्या खोलीतला पंखा कसा काय जोरात फिरतो?’ असं विचारू नका. तो प्रश्न शास्त्रीय असला तरी उद्धट आहे.

दुसरे तेलवाले. ‘बेअरिंगला दोन थेंब तेल सोडा.’ हल्लीच्या बहुतेक पंख्यांची बेअरिंग बंद असतात, त्यामुळे तेल आत जात नाही, गादीवर येतं. गादीवर डाग पडला की तुमच्याकडे नवा प्रश्न तयार होतो: तेलाचा डाग कसा काढावा. नवशिक्याने एका आठवड्यात एवढी मजल मारली तर पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही.

तिसऱ्या, पाती पुसा म्हणणाऱ्या वहिनी. पुसा. पंखा तसाच हळू, पण स्वच्छ फिरेल.

चौथे ‘नवाच घ्या’वाले दादा. यांच्या भाच्याचं दुकान असतं. साऱ्या गावात यांचा सल्ला सर्वांत प्रामाणिक, कारण त्यामागचा हेतू लगेच कळतो.

शेवटी शेजारच्या काकू. त्या पंख्याकडे बघतसुद्धा नाहीत. ‘नवीन बिऱ्हाड, त्यात तुमचं लेकरू गोरंपान, कुणाची तरी दृष्ट लागली असणार. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका.’ खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर सगळ्या उपायांत हाच स्वस्त आणि गादीवर डाग न पाडणारा.

या सगळ्यांत ‘कंडेन्सर’ हा शब्द कुणी उच्चारला तर नम्रपणे विषय बदला. असला माणूस गप्पा संपवायला आलेला असतो.

४. सगळ्याचं खापर पाण्यावर फोडायला शिका

‘पाणी जड आहे.’ ही तीन शब्दांची किल्ली पाठ करा. केस गळतात? पाणी जड आहे. साबणाला फेस नाही? पाणी जड आहे. गिझर बोंबलला, मुलाचे मार्क कमी पडले, पाहुणे दोन दिवसांत परत गेले? बघा जमतंय का.

अडचण अशी की या उत्तरात बरंच तथ्य आहे. आपल्याकडचा काळा कातळ फोडून बोअर खाली जाते, ते पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. पाणी तापलं की त्यातल्या क्षारांचा चुना होऊन गिझरच्या कॉइलवर बसतो. साबणाशी गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साका होतो. डाळीतलं पेक्टिन याच कॅल्शियममुळे घट्ट राहतं, म्हणून ती शिजताना आडमुठेपणा करते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असंही तिथेच म्हटलं आहे. हा आकडा गिरणीत सांगू नका. ‘मग आपलं किती आहे?’ असं कुणी विचारलं तर पाणी तपासावं लागेल, आणि तपासलं की चर्चा मेली.

नळावरच्या पांढऱ्या पुटांसाठी गावात उपलब्ध असलेले उपाय: राख, विटेची भुकटी, रांगोळी, चिंचेचा कोळ, उरलेलं कोल्ड्रिंक आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड. शेवटच्याने पुटं जातात, सोबत नळाची चकाकीही जाते. चिंचेने खरोखर फरक पडतो, कारण आंबट पदार्थात चुना विरघळतो. म्हणूनच किराणा दुकानात मिळणारी लिंबूसत्त्वाची पुडी गरम पाण्यात कालवून, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळलं तर काम होतं. हे वाचलंत, आता विसरा. गुंडाळलेलं फडकं बघायला कुणीही येत नाही. रांगोळीने नळ घासणारा माणूस बघायला निम्मी आळी येते.

पाण्याच्या प्रश्नावरचं सर्वांत ज्येष्ठ उत्तर पारावरच्या अण्णांकडे आहे: ‘चासकमानचं आवर्तन सुटू द्या, बोअरचं पाणी आपोआप गोड होतंय.’ धरण खेड तालुक्यात, कालवा शिरूर तालुक्यापर्यंत, आवर्तनाची तारीख बैठकीत ठरणार, आणि तुमचा गिझर आज बंद आहे. तरीही अण्णांना नमस्कार करा. तुमच्या न्हाणीघराचा प्रश्न पाटबंधारे खात्याच्या पातळीवर नेणारा माणूस शहरात शोधून सापडायचा नाही.

५. दाराशी लाल बाटली ठेवा

भटकी कुत्री फाटकापाशी पाय वर करतात ना? प्लास्टिकची बाटली घ्या, पाण्यात कुंकू कालवा, बूच लावा, पायरीवर ठेवा. कसं चालतं हे विचारायचं नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, लाल धड ओळखू येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी आपण एवढं लालेलाल पाणी केलं, त्याला ती एक मळकट बाटली आहे. पण शेजाऱ्यांना लाल दिसतं, आणि बाटली त्यांच्यासाठीच असते: या घरात काहीतरी उपाय चालू आहे, याची जाहिरात. कुत्र्याने बाटलीवरच पाय वर केला तर पाण्यात कुंकू कमी पडलं, असं समजा.

६. किरकोळ जीवजंतू

पालीसाठी मोरपीस किंवा अंड्याची टरफलं. पाल दिव्याखालचे किडे खायला येते, तिला मोरपिसाशी काही कर्तव्य नाही; ती पिसामागे मुक्काम करते. मुंग्यांसाठी खडूची रेघ मारा आणि मुंग्या वळसा घालून साखरेकडे कशा जातात ते बघा. वेळ छान जातो. गव्हात सोंडे झाले तर ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घाला. कुणी आपुलकीने धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आणून दिल्या तर मात्र तिथल्या तिथे परत करा: ओल लागली की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद घरात झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. एवढं एक खरं धरा. बाकी चालू ठेवू.

७. कंपनीकडे तक्रार करायचीच असेल तर

गिझर वॉरंटीत आहे म्हणून फोन कराल. पलीकडची मुलगी विचारेल, ‘आपलं गाव?’ ‘तळेगाव’ एवढंच म्हणा. माणूस हमखास मावळात, तळेगाव दाभाड्याला जाईल, पुण्याच्या पार दुसऱ्या अंगाला, आणि तिथून तुम्हाला फोन करील: ‘साहेब, स्टेशनपाशी उभा आहे, पुढे कसं येऊ?’ त्याला प्रेमाने सांगा, पुणे ओलांड, वाघोली ओलांड, कोरेगाव भीमा ओलांड. तो तक्रार बंद करील. ‘ग्राहक जागेवर नव्हते’ असा मेसेज येईल. ज्यांना दीर्घ पल्ल्याची तक्रार हवी, त्यांच्यासाठी संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे आहे आणि अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर.

यात तुमचं नुकसान काही नाही. न आलेल्या माणसाची हकिगत गिरणीत आलेल्या माणसापेक्षा जास्त खपते.

८. आता इलेक्ट्रिशियन बोलवा

भर दुपारी, आळी झोपलेली असताना. दार लोटून घ्या. कंडेन्सर बदलून घ्या, पैसे द्या, जुना कंडेन्सर कागदात गुंडाळून लांबच्या कचऱ्यात टाका.

खरं कौशल्य यापुढे लागतं. पंखा पळायला लागल्याची बातमी लपत नाही, तेव्हा ज्याचं श्रेय त्याला पोचवा. नानांना सांगा, ‘तुम्ही म्हणालात तसंच, डीपीवर काम झालं वाटतं, व्होल्टेज सुधारलं.’ तेलवाल्यांना सांगा, ‘दोनच थेंब, पण काय गुण आला!’ वहिनींना पुसलेली पाती दाखवा. दादांना म्हणा, ‘नवाच घेणार होतो, तुमचा धाक बसला त्याला.’ काकूंना काहीच सांगू नका, फक्त वाटीभर शिरा नेऊन द्या, त्यांना कळतं. अण्णांना आवर्तन सुटेपर्यंत भेटू नका.

प्रत्येकाला वेगवेगळं गाठायचं, ही अट आहे. गिरणीत जाताना आत कोण बसलंय ते आधी बघा. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी घरातच थांबा, भाजीला पोराला पाठवा, कारण त्या दिवशी नाना, तेलवाले, वहिनी आणि दादा एकाच कांदेवाल्यापाशी उभे असतात. पोराला नीट बजावून ठेवा: पंखा कसा सुटला असं कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘आमचं पाणी जड आहे.’