लालपरी, एशियाड, शिवनेरी

आमच्या सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की बातमी आधी व्हिसावाल्यांना कळते की कोष्टककाकांना, हे सांगणं कठीण आहे. मी तर लिफ्टमध्ये बायकोला एवढंच म्हणालो होतो, "या वर्षी स्वित्झर्लंड बघू या का?" लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली तेव्हा दारात काका उभे होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. काखेत फाइल, खिशाला दोन पेनं आणि चपला काढायच्या आधीच पहिला प्रश्न :

"संडास खोलीत हवा की बाहेर चालेल?"

मला वाटलं, सोसायटीच्या पुनर्विकासाचं काहीतरी असेल. डोंबिवलीत हल्ली फाइल घेऊन बेल वाजवणारा माणूस दुसरं काय बोलणार? पण काका सोफ्यावर बसत म्हणाले, "देश कुठला ते मागाहून बघू. आधी संडास सांग. म्हणजे गाडी ठरते."

गाडी म्हणजे एसटीची. जगातला कुठलाही देश काकांच्या कोष्टकात तीन रकान्यांत बसतो आणि त्या रकान्यांची नावं कधी बदलत नाहीत : लालपरी, एशियाड आणि शिवनेरी. लालपरी म्हणजे हॉस्टेल, एका खोलीत आठ खाटा, आपली वरची आणि संडास पॅसेजच्या टोकाला. एशियाड म्हणजे स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं हॉटेल, सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला. (या रकान्यात 'नाश्ता' या शब्दाखाली दोन रेघा. तो नाश्ता दुपारी तीनपर्यंत पुरवायचा असतो.) शिवनेरी म्हणजे खिडकी उघडली की समोर डोंगर. डोंगर फुकट असतो, खिडकीचे पैसे पडतात, असं काकांचं म्हणणं.

काकांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही. एका सरकारी बँकेतून ते निवृत्त झाले आणि साठीनंतर नातवाकडून एक्सेल शिकले. मात्र पडद्यावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. चार चार कागद आडवे छापून ते सेलोटेपने जोडतात आणि जेवणाच्या टेबलावर सतरंजीसारखे पसरतात. आमच्या टेबलावर स्वित्झर्लंड पसरलं त्या रात्री आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

कुणी म्हणेल, माणूस कंजूष आहे. ते साफ खोटं. सोसायटीचा मेंटेनन्स ते वर्षाचा एकदम भरतात, दिवाळीला वॉचमनच्या हातावर सगळ्यात मोठी नोट त्यांची असते, भाचीच्या लग्नात तर हात आखडलेला कुणी पाहिला नाही. रुपया त्यांच्या हातून पाण्यासारखा जातो. हात आखडतो तो फक्त परकीय चलनाला. त्याचं कारण मला पुढे कळलं. काका बँकेत लागले ते फेराच्या काळात. १९७३ च्या त्या कायद्यात डॉलर ही खाजगी वस्तू नव्हती, ती देशाची ठेव होती. परदेशी जाणाऱ्याला हातात आठ डॉलर मिळत, तो जमाना काउंटरवरच्या सीनियर लोकांनी त्यांना रोज ऐकवलेला. पुढे १९९१ साली देशाने सोनं गहाण टाकलं तेव्हा काका घरी दोन दिवस नीट जेवले नव्हते म्हणे. मग फेरा जाऊन फेमा आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या नागरिकाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली आणि ती मर्यादा आज अडीच लाख डॉलरवर गेली आहे. म्हणजे देशात उदारीकरण झालं. काकांच्या मनापर्यंत ते परिपत्रक अजून पोचायचं आहे.

त्यामुळे त्यांच्या कोष्टकातली प्रत्येक ओळ ही रिझर्व्ह बँकेपुढची साक्ष असते. मी विचारलं, "काका, ही 'प्रसाधन' ओळ कशाला? दिवसाला चार फ्रँक?"

"मोठ्या स्टेशनांवर तिकडे स्वच्छतागृहाला पैसे पडतात. फ्रँक, कधी दोन फ्रँक."

"मग द्यायचे ना."

काकांनी चष्मा काढला. "अरे, एक्क्याण्णव साली देशाने सोनं गहाण टाकलं होतं. आणि तू दोन फ्रँक देऊन लघवीला जाणार?" फ्रँक तेव्हा नव्वद रुपयांच्या पुढे होता. उपाय पुढच्याच ओळीत होता : 'गाडीत उरकणे. ०.'

पाण्याच्या ओळीवर मात्र त्यांचा चेहरा उजळला. स्वित्झर्लंडमध्ये चौकाचौकात दगडी कारंजी आहेत आणि पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसेल तर ते पाणी खुशाल प्यावं. लालपरीत शून्य, एशियाडमध्ये शून्य. शिवनेरीच्या रकान्यात काकांनी बाटलीचे पाच फ्रँक लिहिले होते आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'अविचार'.

खरा घोळ झाला रेल्वेवर. स्विस ट्रॅव्हल पास सलग तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. आम्ही जाणार होतो सात दिवस. या सात आकड्याने काकांची दोन रात्रींची झोप उडवली. आठ दिवसांचा घेतला तर एक दिवस वाया जातो, चार अधिक तीन घेतला तर बेरीज फुगते. शिवाय अर्ध्या भाड्याचं एक कार्ड मिळतं. ते घेतलं तर युंगफ्राउयोखचं तिकीट निम्म्यात पडतं. पास घेतला तर तिथे पंचवीसच टक्के सूट. आणि ते तिकीट दोनशे फ्रँकांच्या वर. तिसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी न करता आले. "सुटलं," म्हणाले. सहा दिवसांचा पास. सातव्या दिवसाची नोंद : 'पायी हिंडणे. प्रकृतीस उत्तम. ०.'

युंगफ्राउयोख वगळा, असं मीच सुचवलं. त्यावर काका चक्क रागावले. "साडेतीन हजार मीटरवर रेल्वे नेलीय. ३४५४. डोंगर पोखरत सोळा वर्षं काम चाललं, १९१२ साली गाडी वर पोचली. तिथे पैसे द्यायचे नाहीत तर कुठे द्यायचे? दे! तिथे दे! वर भारतीय जेवण मिळतं, ते मात्र घेऊ नकोस. डबा ने." काकांची काटकसर ही अशी. इंजिनियरिंगला ते पैसे मोजतात, पनीर माखनीला नाही.

डब्याचाही तक्ता होता. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गरम पाणी ओतलं की होणारा उपमा. बायकोने साजूक तुपाची बाटली काढली तर काकांनी ती यादीतून खोडली. युरोपाबाहेरून येताना दुधा-मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. "तुपाला व्हिसा नाही," काका म्हणाले, आणि वर्षाकाठी करतात तो एक विनोद केल्यासारखे स्वतःच लाजले.

शेवटच्या पानाचं शीर्षक होतं 'न दिसणारे'. ते पान मी आजही जपून ठेवलंय. बाकीच्यांपेक्षा ते फार शहाणं आहे. सहल कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्या वेळी सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर वीस टक्के कर आधीच कापला जाई. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो, पण "तोवर आपला पैसा सरकारच्या घरी पाहुणा." विमा किमान तीस हजार युरोंचा, नाहीतर शेंगेन व्हिसाचा अर्जच घेत नाहीत. साधं कार्ड घासलं तर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत लावते, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. आणि सगळ्यात खाली लाल शाईने : 'मशिन विचारेल, रुपयांत की फ्रँकमध्ये? फ्रँक. नेहमी फ्रँक.' रुपयांत म्हटलं की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो. "प्रश्न प्रेमाने विचारतात," काका म्हणाले, "आणि प्रेमाचा दर वेगळा असतो."

इंटरलाकेनमध्ये चॉकलेट घेताना मशिनवर खरोखरच रुपयांचा आकडा आला. "फ्रँक!" मी असा ओरडलो की काउंटरवरची मुलगी दोन पावलं मागे सरली. रात्री काकांना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. काकांचा अंगठा सहजासहजी मिळत नाही.

इतक्यांचे तक्ते करणारा हा माणूस स्वतः कधी गेलाच नव्हता. गेल्या काही वर्षांत त्यांनी स्वतःसाठी सहा देशांची कोष्टकं केली आणि दर वेळी 'बघू' म्हणून फाइल बंद केली. शेवटी काकूंनी पासपोर्ट टेबलावर आपटला. स्वित्झर्लंडच ठरलं, कारण तक्ता तयार होता. आम्ही एप्रिलात अर्ज केला तेव्हा व्हिसाचे माणशी ऐंशी युरो पडले होते. ११ जून २०२४ पासून ते नव्वद झाले. काका तेव्हा एशियाडच्या रकान्यात नाश्त्याचं मूल्य काढत बसले होते. हे वीस युरो त्यांच्या जिव्हारी लागले आहेत, म्हणून तो विषय आम्ही काढत नाही.

सप्टेंबरात दोघं जाऊन आली. प्रवास झाला एशियाडने. म्हणजे हिशेबात एशियाड. पण दुपारचं जेवण लालपरीचं आणि काकूंच्या गुडघ्यांमुळे एका रात्री, नाइलाजाने, शिवनेरी. मी भेटायला गेलो तर डोंगरांचा एकही फोटो न दाखवता काकांनी ताळेबंद उघडला. सगळं जुळलं होतं. साडेचार फ्रँक सोडून.

"बँकेत रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू," ते म्हणाले. "एकदा अकरा रुपयांसाठी रात्री साडेदहा वाजवले होते." पावत्या तारखेनुसार लावून झाल्या, कोटांचे खिसे उलटे करून झाले, बॅगेचं अस्तर उसवून झालं. शेवटी त्यांनी ते साडेचार फ्रँक सस्पेन्स खात्यात टाकले. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा उतरला.

दाराशी पोचवायला काकू आल्या. जिन्यात वाकून बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ल्युसर्नला हे बाटल्या भरायला कारंज्यावर गेले होते. अडीअडचणीला म्हणून वीसची नोट दिली होती मला. समोर तळं होतं, पुलाशी एक हॉटेल होतं, खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. बसले. एक कॉफी प्यायले. वीस मिनिटं कुणी बेरीज केली नाही बघ."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"वेडा आहेस का? सापडले तर फाइल मिटेल. मग दिवसभर घरात काय करतील हे?"

गेल्या रविवारी काका पुन्हा आले. या वेळी व्हिएतनाम. तिथल्या चलनात पाच लाखांची नोट असते, त्यामुळे रकाने रुंद करावे लागले होते आणि कागद सहा जोडलेले होते. लालपरीच्याच रकान्यात कोटीचा आकडा बघून काका थोडे भांबावले होते, थोडे सुखावलेही होते. मी सतरंजी उलगडत वर गेलो. पहिल्या पानावर पहिलीच ओळ, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा : 'मागील पानावरून पुढे : फ्रँक ४.५०. शोध चालू.'