मोगरी लावलेला समुद्र

खानदेशी माणसाला समुद्र आवडत नाही असं नाही. त्याला तो पटत नाही. एवढं पाणी डोळ्यांदेखत पडलेलं आणि एका वाफ्यात सोडता येत नाही, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात पोराला दहावीला किती टक्के पडले याच्या आधी वाघूर धरण किती टक्के भरलं हे विचारतात. तापी आमच्याच जिल्ह्यातून वाहत जाते आणि सुरतेच्या पुढं समुद्राला मिळते. म्हणजे समुद्रात आमचाही वाटा आहे. पण तो बघायला जावं असं कुणाच्या मनात येत नाही. दिलं ते दिलं.

तेव्हा डिसेंबरात समुद्रावर जाऊ म्हटल्यावर मोठ्या काकूनं अटी घातल्या. लाटा नकोत. दारूचे गुत्ते नकोत. उघडी-नागडी माणसं नकोत. बसल्या जागेवरून सगळी पोरं दिसली पाहिजेत. आणि जायचं तर गोव्यालाच, कारण तिच्या भाचीनं गोवा पाहिला होता. या अटींत बसणारा गोवा शोधणं म्हणजे माळकऱ्यांच्या पंगतीत रस्सा शोधणं. पण निघाला! वास्कोजवळ इसोर्शी गावात होलांट नावाचा छोटासा किनारा आहे. शेजारच्या बोगमाळोला पर्यटक जातात. होलांटला वास्कोची माणसं रविवारी पोरंबाळं घेऊन येतात, पाण्यात बसतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात.

दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस आमच्या खानदेशातून जाते आणि मनमाड, पुणे, मिरज, लोंढा करत थेट वास्कोला संपते. आम्ही पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटावर अर्धं आयुष्य काढलेली माणसं. उड्डाणपूल आत्ता झाला. त्याआधी जाणारी गाडी बघत उभं राहणं हाच आमचा रेल्वेचा अनुभव. त्यामुळे आपण आत आणि गेटावरची माणसं बाहेर, या सुखात पोरं मनमाडपर्यंत हात हलवत होती. मनमाडनंतर डबे उघडले ते मिरजेपर्यंत बंद झाले नाहीत. कळण्याची भाकरी, ठेचा, बिबडे, शेव, केळीची फणी आणि भरताच्या वांग्यांची आख्खी गोणी. वांगी कशाला, असं मी विचारलं. "तिथी भेटतीन का?" काकू म्हणाली. वांग्यांचं तिकीट नव्हतं, पण खालचा बर्थ त्यांनाच मिळाला.

कॅसलरॉकचा घाट आणि दूधसागर काळोखात निघून गेले. दिसलं काहीच नाही, तरी बोगद्यांतून ओरडायचं ते ओरडून झालं. पहाटे कासावलीच्या पुढं रूळ समुद्राच्या अगदी जवळून जातात. बाहेर मिट्ट अंधार, पण वास आला. "कुठी तरी काही तरी करपलं," काकू म्हणाली. तेव्हापासूनच आमची उतरायची घाई सुरू झाली. आमच्या गावाकडच्या माणसाच्या मनात स्टेशन म्हणजे दोन मिनिटांचा थांबा. दाबोळीलाच गोणी दाराशी, पोरं गोणीवर आणि नाना पायरीवर उभे. वास्कोला गाडी थांबली, आम्ही फलाटावर सामान अक्षरशः फेकलं आणि मागं वळून पाहिलं, तर बाकीचे प्रवासी आत शांतपणे केस विंचरत होते. गाडी पुढं जाणारच नव्हती. पुढं बंदर आहे.

होलांटला पोचल्यावर पहिली प्रतिक्रिया नानांची. "अरे भो, इथी तं काहीच नाही!"

खरंच नव्हतं. नारळाची झाडं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, एखाददुसरी टपरी, दोन्ही टोकांना काळे खडक आणि मधे थाळीत ओतून ठेवल्यागत पाणी. उंट नाही, घोडागाडी नाही, फुगे फोडायची बंदूक नाही, पाण्यावरच्या मोटारसायकली नाहीत. पैसे घेऊन निघालेल्या माणसाला ते कुठंच खर्च करता येत नाहीत, तेव्हा त्याची जी तगमग होते ती नानांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्यांनी किनाऱ्याची एक चक्कर मारली, परत आले आणि म्हणाले, "तिकीट कुठी काढतात?"

नानांची ओळख करून द्यायला हवी. पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. रथ ओढायला सगळं गाव असतं. पण तो थांबवायला, वळवायला मोगरी लागते. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. चालत्या चाकाशी वाकून, अचूक क्षणी तो सारायचा आणि अचूक क्षणी हात काढून घ्यायचा. नाना कित्येक वर्षं हे काम करतात, आणि त्यामुळे हलणारी कुठलीही वस्तू वेळेवर थांबवली पाहिजे अशी त्यांची नजर झाली आहे. लग्नातला बॅण्ड, वाढप्याच्या हातातली जिलबी, सुनेचा फोन, सगळ्यांना नाना मोगरी लावतात.

पोरं पाण्याकडे धावली तसे नाना धोतर खोचून पुढं झाले आणि गुडघाभर पाण्यात आडवे हात करून उभे राहिले. पण थांबवायला काही आलंच नाही. लाट यायची ती घोट्याशी येऊन पसरायची. पोरं लांबवर गेली तरी पाणी कमरेच्या वर जाईना. नाना बराच वेळ दोन्ही टोकांच्या खडकांकडं पाहत राहिले. बाहेरून आलेली लाट तिथं आपटत होती, तिथंच फुटत होती, आणि आत यायची ती शिल्लक. मग ते वळले आणि कारागिरानं कारागिराला द्यावी तशी दाद दिली. "याले कोन्ही तरी मोगरी लावेल आहे, भो."

तिथून होलांट आमचं झालं. काकूनं नारळाखाली सतरंजी टाकली आणि कडेला चपलांची रांग लावली. ओलं पोर चपलांच्या अलीकडं येणार नाही, कोरडं पलीकडं जाणार नाही. माझ्या आईनं वाळूत पाय रुतवून मेथी निवडायला घेतली. मेथी तिला कुठं मिळाली हे मी विचारलं नाही.

सूर्यास्त मात्र नानांना पसंत पडला नाही. सूर्य डोंगराच्या आड जातो, पाण्यात बुडत नाही. समुद्रावर येऊन ही काय तऱ्हा! पण दुसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे घरातली सगळी म्हातारी माणसं अंधारात उठून किनाऱ्यावर गेली, तर पाण्यापलीकडच्या किनाऱ्यावरून सूर्य वर येताना दिसला. खाडीचं तोंडच तसं वळलेलं आहे. पश्चिमेच्या समुद्रावर सूर्योदय! गोव्यात रात्रभर जागणाऱ्यांना हा बोनस मिळत असेल. आमच्या लोकांनी तो पूजेचं ताट घेऊन वसूल केला. अर्घ्य देऊन काकूनं पाण्याची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. आपल्या गिरणा नदीचं पाणी इथपर्यंत येत असतं तर एवढं खारट राहिलं नसतं, असं तिचं मत पडलं.

नौदलाचा हंसा तळ जवळच, त्यामुळे डोक्यावरून विमानं सारखी जात. पोरांना बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवलं. सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं जुनं अजस्र विमान बघून नानांनी विचारलं, "हे थांबतं कसं?" नानांना खरा आनंद झाला तो झुआरीनगरला. सत्तरच्या दशकापासून तिथं खताचा कारखाना आहे आणि त्याच्या 'जय किसान' गोण्या आमच्या शेतकऱ्यांच्या घरोघरी आहेत: आधी खत, मग धान्य, मग पावसाळ्यात डोक्यावरची खोळ. नाना फाटकासमोर उभे राहिले. गोवा म्हणजे चर्च आणि किनारे, हे त्यांनी ऐकलं होतं. गोव्यानं कपाशीसाठी एवढं केलं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सबंध सहलीत त्यांनी स्वतःहून काढायला सांगितलेला फोटो तेवढाच.

आता वांगी. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई वयस्क ख्रिस्ती, बोलायला मोकळ्या, पण त्या कोकणीत आणि काकू लेवा बोलीत. त्यांच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत चालत. एकमेकींचं कळत नसल्यामुळे मतभेद होत नसत. गोणी सोडल्यावर काकूनं जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ही माहिती नातवाकडून वदवून घेतली. बाई आत गेल्या आणि झुआरीकाठच्या आगशीचं एक वांगं घेऊन आल्या. त्यालाही मानांकन आहे. ते आमच्या वांग्याशेजारी ठेवलं गेलं. दोघींनी दोन्ही वांगी उचलून, दाबून, देठाकडून बघितली. कोणी काही बोललं नाही.

भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजायचं असतं. इथं कपाशी कुठून आणणार? बाईंनी अंगणातली वाळकी चुडतं दिली. जाळ भसाभस झाला, सालं काळी पडली, आणि ठेचायला बडगी नव्हती म्हणून बाईंच्या लाकडी परातीतच मिरच्यांसकट वांगी ठेचली. पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून लसणाची फोडणी. बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसरा मागितला. काकूनं नंतर खासगीत कबूल केलं की आगशीचं वांगं "तसं वाईट नाही." पिंप्राळ्यात याहून मोठी पदवी नाही.

निघायच्या आदल्या सकाळी आम्ही वेळसावच्या किनाऱ्यावर गेलो, तर रापण चाललेली. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरची माणसं दोन बाजूंनी ओढत आणतात. याच रापणकारांनी सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं, त्याचे एक नेते माथानी साल्ढाणा. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर श्रोते उरले नव्हते. दोर दिसला आणि पिंप्राळ्याचे हात आपोआप तिकडं गेले. आमची वहिनी, पोरं, आई, सगळी दोराला. "पांडुरंग हरी!" नानांनी आरोळी दिली, तसा आमच्या बाजूचा दोर सरसर यायला लागला आणि पलीकडची बाजू मागं पडून जाळं तिरकं झालं. मुकादम हातवारे करत ओरडत होता; आम्हाला तो प्रोत्साहन देतोय असं वाटलं.

तेवढ्यात शेजारी होडी वर घ्यायला लागले. होडीखाली लाकडाचे ओंडके सारत होते. नानांनी ओंडका पाहिला, चालती होडी पाहिली आणि पुढं झेप घेतली. अचूक क्षणी त्यांनी तो आडवा घातला. त्यांच्या हिशेबानं होडी जागच्या जागी थांबायला हवी होती. पण तिथं ओंडका असतो तो होडी सरकायला. होडी नानांच्या मोगरीवरून डौलात पुढं निघून गेली. नाना हात काढून घ्यायला मात्र विसरले नव्हते.

रापणीत हात लावील त्याला वाटा, हा रिवाज. मुकादमानं गळ्यात तुळशीची माळ असलेल्या नानांच्या पुढ्यात तडफडत्या बांगड्यांची टोपली ठेवली. काकूनं नाकाला पदर लावला. "मेहनतीचं आहे," नाना पुटपुटले, "नाही कसं म्हनावं?" टोपली घरमालकीणबाईंकडं गेली.

पण वाटा घेतला म्हणजे परतफेड आली. नानांनी मुकादमाला आषाढीला पिंप्राळ्याला रथ ओढायला यायचं आमंत्रण दिलं. तो हसला आणि म्हणाला, "आनी थंय वांटो कितें मेळटा?"

मी अर्थ सांगितला. नाना म्हणाले, "साबुदाण्याची खिचडी आन् दोन केळं."

मुकादम विचारात पडला. मग बोटांवर महिने मोजत म्हणाला की जून-जुलैत दर्या खवळलेला असतो, तेव्हा तसं काम नसतंच. नानांनी ताबडतोब माझ्याकडून गोवा एक्स्प्रेसच्या वेळा कागदावर लिहून घेतल्या आणि तो कागद त्याच्या खिशात घातला. "दोर धराले किती मानसं आनशीन, ते मातर आधी कळवजो," त्यांनी बजावलं. "मोगरीले नको. मोगरीले मी आहे."